सुभेदारांचा ऊस आणि शाळेचा संडास

माझ्या नावापुढं एम.ए., बी.एड. आहे. उभी हयात मराठी शिकवण्यात गेली. वृत्तं, अलंकार, समास जीव तोडून शिकवले. तरी कऱ्हाडच्या स्टँडवर एखादी जुनी विद्यार्थिनी भेटली, की कडेवरचं लेकरू खाली ठेवून वाकून नमस्कार करते आणि नवऱ्याला सांगते, "ह्या आमच्या संडासवाल्या बाई." नवरा दचकतो. मी दचकायचं सोडून दिलं आहे. समासांपैकी तिला काय आठवतं, हे विचारायची माझी छाती होत नाही.

या अंकासाठी शिक्षणक्षेत्रातले अनुभव लिहा असा फोन आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की माझे बरेचसे अनुभव शाळेच्या मागच्या बाजूचे आहेत. पलीकडून "चालेल" असं उत्तर आलं, पण जरा थांबून. फराळाचं ताट शेजारी घेऊन अंक वाचायची सवय असणाऱ्यांनी आधी ताट संपवावं.

सरकारी कागदावर या जागेला स्वच्छतागृह म्हणतात. आमच्या शाळेतले शिक्षक "जरा जाऊन येतो" म्हणायचे, मुलं करंगळी दाखवायची आणि मुली काहीच म्हणायच्या नाहीत. ज्या जागेचं नाव घ्यायलाच सगळे लाजतात ती साफ कोण करणार? म्हणून मी सरळ संडास म्हणायला लागले. पहिल्यांदा परिपाठात माइकवरून म्हटलं तेव्हा मुलं आठवडाभर हसत होती. मग हसून हसून कंटाळली.

शिराळ्याहून कऱ्हाडकडं येताना वाटेत लागणाऱ्या एका गावातल्या हायस्कुलात मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले. शाळा बरी होती. मैदान, सभागृह, शिस्तीत लावलेली अशोकाची झाडं. मागं मुलींसाठी नवाकोरा संडास, पांढऱ्या फरशा, दारावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी आणि पाटीखाली कुलूप. शेजारच्या मुलांच्या मुतारीला दारच नव्हतं, त्यामुळं तिथं कुलपाचा प्रश्न आला नाही.

किल्ली शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरी होती. अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी कुठंही धावायचा, फक्त धावल्यावर फोटो काढायचा.

"नाना, हा कधी उघडायचा?" मी विचारलं.

"कोण पाव्हणं येणार हायत का?"

"पाहुणे नाहीत. मुली आहेत."

"आवं बाई, पोरींसाठी उघडला तर घाण हुईल की!"

"मग बांधला कुणासाठी?"

"पोरींसाठीच. पर घाण झाल्यावर पाव्हण्यास्नी काय दावायचं?"

आपल्याकडं चांगल्या कपबशा कपाटात असतात आणि घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात. तोच न्याय गावानं संडासाला लावला होता. स्वातंत्र्यदिनाला, प्रजासत्ताकदिनाला आणि तपासणीला तो उघडायचा. पाहुणे बघायचे, मान डोलवायचे, वहीत चांगला शेरा द्यायचे आणि चहाला जायचे. शेरा खराच होता. इतका स्वच्छ संडास मी कुठल्याच शाळेत पाहिला नव्हता.

मग मुली कुठं जायच्या? आम्ही शिक्षिका रस्त्यापलीकडच्या एका घरी जायचो. त्या बदल्यात त्या घरच्या बाईंची दोन्ही मुलं कायम पास व्हायची, हा योगायोग असावा. मुली मात्र शाळेमागच्या उसात जायच्या. हे मला पहिली काही वर्षं ठाऊक नव्हतं. मला सांगायला आले ते उसाचे मालक.

हे मालक म्हणजे निवृत्त सुभेदार. फौजेतून येऊन बरीच वर्षं झाली होती, पण मिशी, पाठीचा कणा आणि आवाज अजून ड्यूटीवरच होता. धाकटी नात आरती आमच्याकडं नववीत, थोरली वैशाली माझ्या हाताखालून दहावी झालेली. सुभेदार ऑफिसात आले, खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"बाई, तुमच्या पोरी माझा ऊस तुडवत्यात. बांधापास्नं आत पायवाट पडलीया. उभ्या सऱ्या आडव्या झाल्यात."

"खेळायला जातात का?"

सुभेदारांनी छताकडं पाहिलं. "खेळाया न्हाई."

मग मीही छताकडं पाहिलं. दोन प्रौढ माणसं बराच वेळ पंख्याकडं बघत राहिली.

"ह्या खेपेला शाळंमागचाच प्लॉट पैला तोडाया लावतो," असं म्हणून ते गेले. शब्दाला पक्के. कारखान्याची टोळी आली, ऊस पडला, पाचट पेटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलींची हजेरीही पडली. वरच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी याला 'शेतीच्या कामामुळे' असं कारण देऊन ठेवलं होतं आणि मीही तेच गिरवत आले होते. कारण फारसं चुकीचं नव्हतं, फक्त उलटं होतं. मुली शेतात कामाला गेल्या नव्हत्या. शेत गेलं म्हणून घरी बसल्या होत्या.

आरती वाटेत भेटली तेव्हा मी विचारलं, "घरी का बसलीस गं?"

"ऊस तुटला न्हवं बाई," ती म्हणाली. पाऊस आला म्हणून छत्री घेतली, इतक्या सहज.

त्यानंतर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी भरून यायच्या आणि संध्याकाळी भरूनच परत जायच्या. मधल्या सुट्टीनंतर डोकं दुखणाऱ्या, ओटीपोट धरून बसणाऱ्या, महिन्यातून ठरावीक दिवस गैरहजर राहणाऱ्या, या सगळ्यांना मी आजवर अभ्यासाचा कंटाळा आहे असं समजत होते. मला रडू आलं, आणि मग राग आला. मला रडण्यापेक्षा राग जास्त मानवतो.

मी नानांना निरोप धाडला, "तपासणी आहे, किल्ली द्या." किल्ली तासाभरात आली. तपासणी काही आली नाही आणि मी किल्ली काही परत केली नाही.

संडास उघडला आणि चौथ्या दिवशी तुंबला. नाना बघायला आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मी सांगितलं हुतं." असं म्हणताना माणसाला जो आनंद होतो तो लपत नाही.

बाहेरच्यांना म्हणून थोडं धंद्याचं सांगते. संडासाच्या भांड्याखाली नळी वाकवलेली असते. त्या बाकात नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि ते पाणी खालचा वास वर येऊ देत नाही. शाळेचा संडास मरतो तो या बाकात. त्यातून आम्ही काढलेल्या वस्तू: चिंचोके, खडू, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, कंपासपेटीतला कर्कटक, सहामाहीच्या कॉप्या आणि एकदा पालकाची खोटी सही असलेलं प्रगतिपुस्तक. ते मी धुऊन, वाळवून खऱ्या पालकांना दाखवलं.

दुसरी गोष्ट उतार. ओतलेलं पाणी भांड्याकडं जायला हवं. आमचं दाराकडं यायचं. कंत्राटदाराला बोलावलं तर तो शांतपणे म्हणाला, "उतार बरोबरच दिला हुता मॅडम. कोयनेचा धक्का बसला न्हवं मधी, त्यानं फिरला." कोयनेचे धक्के आम्हाला नवे नाहीत, भांडी वाजली की क्षणभर थांबून पुन्हा जेवायला लागणारी आम्ही माणसं. पण भिंतीला तडा न जाता नुसता उतार फिरवणारा धक्का मी पहिल्यांदाच ऐकला. फरशी उकरून पुन्हा बसवावी लागली.

तिसरी गोष्ट ॲसिड. संडास घाण दिसला की लोक आधी ॲसिड ओततात. त्यानं डाग जातो आणि फरशीची झिलईही जाते. मग खरखरीत फरशीवर घाण दुप्पट बसते. रोज साधं पाणी, पावडर आणि ब्रश हेच खरं औषध. आतून नीट लागणारी कडी हवी, नाहीतर मुली जात नाहीत. आणि झाकणाचा एक डबा हवा. त्या डब्याचा विषय निघाला, की आमचे पुरुष शिक्षक खिडकीबाहेरची अशोकाची झाडं बघायचे. म्हणून मी तो विषय मुद्दाम स्टाफ मीटिंगमध्ये काढायची.

हे सगळं जमलं. जमेना ती एकच गोष्ट. रोज ब्रश घ्यायचा कुणी?

शिपाई म्हणाले, "माझ्या ऑर्डरीत संडास न्हाई." खरं होतं. सफाईचं पद आमच्या शाळेला मंजूरच नव्हतं, आजही नाही. सरकारला शाळेत संडास हवा आहे, पण तो आपोआप स्वच्छ होतो असा सरकारचा विश्वास आहे. मग मी मुला-मुलींच्या पाळ्या लावल्या आणि पहिली पाळी माझी ठेवली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी भिंतीवरून मोबाइल धरला आणि 'बघा, शाळेत आपली मुलं काय करतात' म्हणून चित्रफीत तालुकाभर फिरवली. मला खुलासा द्यावा लागला. त्या चित्रफितीत ब्रश घेतलेली मीच होते, पण माझ्याबद्दल कुणालाच वाईट वाटलं नाही.

शेवटी नानांनी पालकांची सभा बोलावली. सभेपुढचा एकच प्रश्न असा होता, की ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नाना म्हणाले, "गावातच कुणीतरी बघू की, करणारं." आणि म्हणताना त्यांची मान सभागृहाच्या डाव्या बाजूला वळली. तिथं बौद्धवस्तीतले पालक बसले होते. नानांबरोबर आणखीही पुष्कळ माना वळल्या.

कांबळेबाई उभ्या राहिल्या. मलकापूरला एका मोठ्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, तरी आवाज शांत होता.

"नाना, करणारं बघायचंय तर सगळीकडं बघा. मान एकाच बाजूला कशी वळली?"

"तसं न्हाई ओ बाई, आपलं सहज…"

"सहज वळली, तेच म्हणते मी. सवय आहे मानेला. आमच्या आज्यांनी धम्म घेतला आणि ही कामं गावाच्या हवाली केली. गावानं अजून ताब्यात घेतली नाहीत एवढंच."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली आणि सुभेदार उभे राहिले.

"मी करतो."

लोकांना वाटलं, रागानं बोलतायत. नाना हसून म्हणाले, "सुभेदार, गंमत करू नका गड्या."

"गंमत कसली? फौजेत रंगरूट हुतो तवा लॅट्रिन घासल्याबिगर नाष्टा मिळत नसे. आन् एक ऐका, पोरींचं काय ते तुमी आन् बाई बघा. मला माझा पुढचा ऊस उभा पायजे. पोरी इकडं गेल्या की तिकडं येणार न्हाईत. बास."

इतकं स्वच्छ, स्वार्थी कारण सार्वजनिक सभेत मी पहिल्यांदाच ऐकलं. समाजसेवेचं कारण दिलं असतं तर गावानं महिनाभरात त्यांना जमिनीवर आणलं असतं. ऊस म्हटल्यावर कुणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार शाळा भरायच्या आधी हजर. हाफ पँट, गमबूट, गळ्यात शिट्टी. घासून झालं की बाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. हेच खरं काम होतं, हे मला नंतर कळलं. संडास घासण्याइतकंच त्याच्यावर दिवसभर कुणाचंतरी लक्ष असणं महत्त्वाचं असतं. मुलगी आत गेली की ते खुर्ची फिरवून पाठ करून बसत. बाहेर आली की मागं न बघता विचारत, "पानी डाला?" "हो आबा." "आगे बढ."

मुलांच्या मुतारीवर त्यांची विशेष नजर असे. "आरं, एवढं मोठं भांडं समोर असून नेम चुकतो? आन् म्हणं भरतीला जायाचंय! सीमेवर काय दिवं लावणार रं तू?" आमच्याकडं निम्म्या पोरांना भरतीचं वेड. नेम सुधारले. फरशीवर ते दिसायला लागलं.

घरी मात्र त्यांचं सोवळं सुरू झालं. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव काकी म्हणतं, सुभेदारांना अंगणातच आंघोळ घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. कपड्यांची बादली वेगळी, कपही वेगळा. सीमेवरून परत आल्यावर त्यांना ओवाळलं होतं. शाळेतून परत आल्यावर लांबूनच पाणी. "फौजेत दुश्मन दिसत तरी व्हता," एवढंच सुभेदार म्हणायचे.

महिन्या-दोन महिन्यांत मुलींच्या बाटल्या रिकाम्या जायला लागल्या. मी मुद्दाम हातात घेऊन बघायची. मग नानांना सत्कार सुचला. प्रजासत्ताकदिनी सुभेदारांना शाल, नारळ, फेटा. समितीत कांबळेबाईंनाही घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "जरूर करा. चांगलंच काम करतायत ते. फक्त आमच्या पणजोबांचा सत्कार करायचा राहिलाय, त्यांनी तर उभा जन्म केलं. दोन्ही एकाच दिवशी करू. शाल एकच असली तरी चालेल." नानांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. सुभेदारांना हे कळल्यावर ते म्हणाले, "बाई बराबर बोलल्या." सत्कार कुणाचाच झाला नाही. एवढं तरी न्यायाचं झालं.

पुढच्या हंगामात ऊस पुन्हा तोडणीला आला. मी मनातून धास्तावलेच होते. शेत मोकळं झाल्यावर मुली टिकतात का, हीच माझी खरी परीक्षा होती. आणि नेमकी त्याच सुमाराला वैशालीची सोयरीक आली. मुलगा पुण्यात कंपनीत, घर पाटणकडचं. वैशाली हुशार आहे हे सांगायला बाई हव्यात, म्हणून बघण्याच्या कार्यक्रमाला मला बोलावणं होतं. सुभेदारांना मात्र घरच्यांनी मळ्यात पाणी पाजायला धाडलं होतं. आदल्या दिवशीच पाजून झालं होतं, तरी ते गेले.

पोहे झाले. मुलाच्या आईनं आपल्या पुण्याच्या फ्लॅटचं वर्णन केलं, "दोन बाथरूम हायत, एक अटॅच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मुलाची आत्या आत जाऊन आली आणि पदराला हात पुसत कौतुकानं म्हणाली, "काय बाई स्वच्छ संडास! आरशागत. कुणी बाई ठेवलीया व्हय?"

काकींनी घाईनं चहा पुढं केला. वैशालीचे वडील वातावरणाबद्दल काहीतरी बोलले. पण प्रश्न विचारला होता वैशालीकडं बघून आणि वैशाली माझ्याकडून व्याकरण शिकली असेल-नसेल, खोटं बोलायला काही ती शिकली नव्हती.

"बाई न्हाई. आबाच घासत्यात. शाळंचापण तेच ठेवत्यात."

"शाळंचा? म्हंजी… गावातल्या सगळ्या पोरींचा?"

"व्हय."

आत्याबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "कळवतो," म्हणून मंडळी उठली. चार दिवसांनी मध्यस्थामार्फत कळलं. मुलगी पसंत आहे, पण आजोबांचं ते काम पाहुण्यारावळ्यांत बरं दिसत नाही. दोन बाथरूमच्या घराला बाथरूम घासणारा सोयरा नको होता.

त्या दिवशी सुभेदारांच्या घरी भावकी बसली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेमागं कोयते चालत होते आणि संडासापुढची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशी शेत मोकळं झालं. पार पलीकडचा रस्ता दिसायला लागला आणि रस्त्यावरून शाळा.

मी सकाळी लवकर येऊन स्वतः घासत होते. मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा तेच व्हायचं, कारण मी वर्गावर आणि बाहेर लक्ष ठेवायला कुणी नाही. शिक्षकांना सांगितलं तर त्यांना एकदम अभ्यासक्रम मागं पडल्याचं आठवलं. चिंचोके परत आले. एका दाराची कडी कुणीतरी उपटली. मुलींच्या बाटल्या भरलेल्याच परत जायला लागल्या. आठवडा संपताना आरतीचं बाक रिकामं होतं आणि तिच्या शेजारची दोन.

मी सुभेदारांच्या घरी गेले. ते सोप्यात कॉटवर बसले होते. पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली.

"बाई, आता न्हाई जमायचं. पोरीचं लगीन माझ्यापायी मोडलं. लोकं तोंडावर न्हाई बोलत, पर बोलत्यात."

त्यांच्या नातीच्या लग्नापुढं मी काय ठेवणार? घासा म्हणून सांगायचा मला हक्क तरी काय? मी उठणार तेवढ्यात आरती आतून पाणी घेऊन आली. काकी चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "ही आज घरात कशी? शाळंला सुट्टी हाय व्हय?"

"सुट्टी न्हाई," आरती म्हणाली. "ऊस तुटला आन् आबा बी जात न्हाईत. मग कुठं जायाचं?"

काकी भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी हात तसाच. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमी अंधार पडूस्तवर बसायचो, पोटात कळा धरून. पाणी पेत नसू. मला वाटलं, ते आमच्या संगंच गेलं."

मी चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला फाटकातून काकी आल्या. डोक्यावर पदर, पायात चपला न घालताच आलेल्या. मागून सुभेदार, हातात बादली, हाफ पँट नाही की शिट्टी नाही, धोतरावरच. त्यांच्यामागं आरती दप्तर घेऊन. परिपाठाला उभी राहिलेली सगळी शाळा वळून बघायला लागली.

"कुठं हाय तो?" काकींनी मला विचारलं. "बगू तरी, कशापायी पोरीची सोयरीक मोडली."

मी त्यांना मागं नेलं. नाकाला पदर लावून त्या आत गेल्या. सकाळी मी घासला होता, पण आदल्या दिवसाचं तुंबलेलं निघालं नव्हतं. कोपऱ्यात पिशव्या, कडी लोंबत असलेली, भिंतीवर नको ते लिहिलेलं. काकी बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, आता संपलं.

"ह्येच्यापायी?" त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या. "असल्या घाणीपायी आपली सोयरीक मोडली?"

"आगं, मी आठ दिस आलो न्हाई म्हून…"

"मग या की! पोरीला दुसरा बगू. मिळंल. पर लोकं इचारतील तवा काय सांगू, असल्या गटारापायी मोडली? मोडली ती लखलखीत संडासापायी मोडली, आसं तरी सांगता येऊ दे मला."

सुभेदारांनी धोतर खोचलं, बादली उचलली आणि आत गेले. पाण्याचा आवाज आला, मग ब्रशचा. दारापुढं मुलींची रांग लागायला लागली होती. काकी रांगेच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. नाकावरचा पदर त्यांनी खाली घेतला आणि आत वाकून म्हणाल्या, "कोपऱ्यात घासा आधी. दिसतं तेवढंच घासायची खोड हाय तुमची."